बोट गावी न्यायची आहे: मुंबई ते विजयदुर्ग, शिडाने

वंगणवाला

नमस्कार मंडळी. मी बेस्टच्या आगारात ३३ वर्षं मेकॅनिक होतो. डिझेल इंजिन डोळे मिटून उघडेन, पण समुद्राच्या बाबतीत अजून शिकाऊच आहे, म्हणून हा धागा.

निवृत्तीनंतर आम्ही तिघा मित्रांनी वर्गणी काढून एक जुनी २६ फुटी शिडाची बोट घेतली. फायबरची आहे, आत १० हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन, कीलसकट, म्हणजे तळाखालच्या जड पात्यासकट, १.४ मीटर पाणी लागतं. एक मित्र मुलाकडे पुण्याला गेला, दुसऱ्याचे गुडघे गेले. बोट राहिली माझ्या एकट्याच्या गळ्यात. तक्रार नाही, हौसेचं लोढणं आहे.

आता आम्ही मुंबई सोडतोय. वाघोटण खाडीच्या काठाला, विजयदुर्गजवळ वडिलांचं घर आहे. दोन वर्षं दुरुस्ती चालली होती, यंदा कौलं चढली. सामान टेम्पोने जाईल, सौ. एसटीने जाईल. बोट ट्रकवर टाकून न्यायचा खर्च विचारला आणि फोन खाली ठेवला. शिवाय खरं सांगायचं तर मला ती समुद्रातूनच न्यायची आहे. वडील १९५८ साली विजयदुर्गहून आगबोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले, काखेत वळकटी आणि हातात फणसाच्या गऱ्यांचा डबा. ते ज्या वाटेने आले त्याच वाटेने उलटं जावं, एवढंच.

आजवरचा माझा अनुभव म्हणजे गेटवेसमोरून मांडव्याला जाऊन येणे, आणि दोनदा मुक्कामाने मुरूड. रात्रीचं सेलिंग शून्य. सोबत भाचा येतो म्हणतोय. वय २४, पोहायला पक्का, पण बोट लागते की नाही हे अजून त्यालाही माहीत नाही.

माझी योजना अशी. अंतर साधारण १५० सागरी मैल. ५ नॉट, म्हणजे ताशी ५ सागरी मैल, धरले तर ३० तास. शुक्रवारी सकाळी सहाला निघायचं, न थांबता रात्रभर चालवायचं आणि शनिवारी दुपारी विजयदुर्ग. रविवारी वास्तुशांत आहे, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. भटजी ठरलेत, आचारी ठरलाय. मी एक तक्ताही केलाय, दर तासाला कुठे असू ते लिहून.

प्रश्न तीन. ही योजना बरोबर आहे का? वाटेत आसऱ्याला कुठली बंदरं धरावीत? आणि विजयदुर्गला बोट बांधायची कशी, कारण तिथे आपल्यासारखी दुसरी बोट माझ्या तरी पाहण्यात नाही.

घरात अजून रामदास बोटीचं नाव निघतं. १९४७ च्या जुलैत रेवसला जाणारी रामदास काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. सौ.चे एक चुलत आजोबा त्यात होते. त्यामुळे "सगळं ठीक होईल काका" अशा प्रतिसादांचा मला घरी काही उपयोग नाही.

मतलई

वंगणवाला, पहिल्यांदा तो तक्ता फाडा. राग मानू नका. असा तक्ता मीही केला होता, माझा हर्णैसमोर फाटला.

जानेवारी होता, आम्ही दोघं, बोट तुमच्याएवढीच. मुंबईहून गोव्याला न थांबता निघालो होतो. रात्री दोनच्या सुमारास जमिनीवरून छान वारा येत होता, दोन्ही शिडं भरलेली, मी सुकाणूवर, आणि बोट थांबली. आदळली नाही, आवाज नाही. शिडं फुगलेली आणि बोट जागेवर, बैलाने पाय रोवावेत तशी. टॉर्च मारला तर मागे सुकाण्याभोवती जाळं. इंजिन बंद होतं हे नशीब, नाहीतर पंख्यात गुंडाळून शाफ्टच वाकला असता. अर्ध्या तासाने एक होडी आली. तिच्या तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, पहिलं वाक्य टाकलं, "सुरी काढू नका." मग शिडं उतरवायला लावली, लांब बांबूने जाळ्याचा वरचा दोर कीलच्या खाली दाबला आणि आम्हाला मागे मागे सरकवत बाहेर काढलं. पाचेक हात जाळं फाटलं होतं, त्याचे पैसे दिले. त्याची रात्र गेली ती वेगळीच.

सांगायचा मुद्दा हा की कोकण किनाऱ्यावर रात्री तुमचा शत्रू वारा नाही, लाट नाही, खडकही नाही. ते सगळं नकाशावर किंवा अंदाजात असतं. जाळं कुठेच नसतं. त्याच्या टोकाला कधी लुकलुकणारा चिनी दिवा असतो, कधी काळा झेंडा, कधी नुसतं निळं पिंप. मुंबई ते मुरूड पट्ट्यात डोलीची जाळी खुंटाला बांधून उभी असतात आणि भरती-ओहोटी फिरली की तोंड फिरवतात. दिवसा दोन डोळे पुढे ठेवून यातून निघता येतं. रात्री, पहिल्याच खेपेला, शिकाऊ भाच्यासोबत नको.

म्हणून दिवसादिवसाने जा. आणि दिवस कसा कापायचा ते वाऱ्यालाच विचारा. डिसेंबर-जानेवारीत आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक एसटीपेक्षा बरं असतं. पहाटे मतलई, म्हणजे जमिनीवरून येणारा. पाणी सपाट, वारा बाजूने, बोट सुरेख पळते. साडेनऊ-दहाला तो मरतो. मग दोन-तीन तास काही नाही, शिडं फडफडतात, इंजिन लावा, जेवून घ्या. एकच्या सुमारास वायव्येचा खारा वारा धरतो आणि चारपर्यंत १५ नॉटच्या आसपास जातो. तुम्ही दक्षिणेला चाललाय, तो मागून येतो. मुंबईला परत येणाऱ्याला हाच वारा तोंडावर घ्यावा लागतो, तुम्हाला परत यायचंच नाही. मजा आहे तुमची.

आता तारीख. तुम्ही भटजींकडून मुहूर्त घेतलाच आहे तर बोटीचाही पंचांगातूनच काढा. चेष्टा नाही. तिथीला तीनने गुणा आणि चारने भागा, येतील तितक्या वाजता मुंबईला पूर्ण भरती. हा कोळ्यांचा हिशेब आहे, दहा-वीस मिनिटं इकडेतिकडे. सप्तमीला सात त्रिक एकवीस, भागिले चार, सव्वापाच. पहाटेही सव्वापाच आणि संध्याकाळीही साधारण तेवढेच.

वद्य सप्तमीला निघा. का ते बघा. पहाटे पाचला भरती पूर्ण, तुम्ही गेटवेसमोर दोर सोडता आणि पुढचे सहा तास ओहोटी तुम्हाला बंदराबाहेर ढकलते. संध्याकाळी पोचाल तेव्हा पाणी चढतं असतं. चढत्या पाण्यात बोट टेकली तरी पाणीच उचलून देतं. उतरत्या पाण्यात टेकलात तर रात्र तिथेच, तिरके. सप्तमी-अष्टमीला भांग असते, म्हणजे पाण्याची चढउतार कमी, खाडीच्या तोंडाशी ओढ कमी. आणि शुद्ध नाही, वद्यच का? शुद्ध सप्तमीचा चंद्र मध्यरात्रीला मावळतो, पहाट काळीकुट्ट. वद्य सप्तमीचा मध्यरात्रीला उगवतो. पहाटे चारला नांगर उचलाल तेव्हा डोक्यावर अर्धा चंद्र आणि समोर पिंपं दिसताहेत. दशमीपर्यंत हे पुरतं. चार दिवस मिळाले, तुम्हाला चारच हवेत.

महिना मार्गशीर्ष किंवा पौष. नोव्हेंबर नको. नारळी पौर्णिमेला नारळ सोडला की दर्या शांत, असं आपण म्हणतो, पण अरबी समुद्र दिवाळीच्या मागेपुढे पुन्हा उठतो. फयान वादळ कोकणावर आलं ते २००९ च्या ११ नोव्हेंबरला, आणि गेलेल्या होड्यांची नावं अजून गावागावात घेतात. ओखी तर २०१७ च्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आलं. डिसेंबर अर्धा जाऊ द्या.

मुक्काम असे धरा.

पहिला दिवस दिघी, सुमारे ४५ मैल. खांदेरी-उंदेरी बाहेरून घ्या, खांदेरी आणि थळच्या मधून जायचा मोह नको. पुढे चौल-कडूचा खडक आहे, त्यावर खूण आहे, त्याच्याही बाहेरून. राजपुरीच्या खाडीत जंजिरा डाव्या हाताला ठेवून आत शिरा, आगरदांडा-दिघी फेरीची वाट मोकळी सोडून नांगर टाका. मुरूडच्या उघड्या किनाऱ्यापेक्षा इथे झोप लागते, हे तुम्हाला दोन मुक्कामांनंतर पटेल.

दुसरा दिवस दाभोळ, ४३ मैल. इथे घाई नको. तोंडाशी वाळूचा दांडा आहे आणि पाऊस सरला की तो दरवर्षी थोडा सरकलेला असतो. दोन वाजताच पोचलात तर बाहेर शिडं कमी करून तास-दीड तास काढा, पाणी चढू द्या. त्या दिवशी पहाटे चारऐवजी साडेपाचला निघालात तरी चालेल.

तिसरा दिवस जयगड, फक्त २० मैल. मुद्दाम छोटा ठेवलाय. तिसऱ्या दिवशी माणूस चिडका होतो, दोर चुकीचा सोडतो. झोपा, डिझेल भरा, भाच्याला जमिनीवर चालू द्या.

चौथा दिवस विजयदुर्ग, ४७ मैल. रत्नागिरीला थांबायची गरज नाही, मिरकरवाड्यात ट्रॉलरच्या गर्दीत तुमचा रंग जाईल. रत्नदुर्गाचा दिवा मागे पडला की पूर्णगड, मग आंबोळगड, मग तुमचं घर.

एक बारीक गोष्ट. आपल्या बहुतेक खाड्या पश्चिमेला उघडतात. दुपारी आत शिरताना सूर्य पाठीशी असतो, उथळ पाण्याचा रंग आणि खडपं स्वच्छ दिसतात. पहाटे अंधारात बाहेर पडताना नवीन वाट शोधू नका. आदल्या दुपारी आलात तीच जीपीएसवरची रेघ उलटी पकडा.

आणि वास्तुशांत खुशाल नोव्हेंबरमध्ये करा. तुम्ही एसटीने जा, पुरणपोळी खा, परत या. रविवारी आचारी थांबलाय म्हणून शुक्रवारी निघालेली बोट मी तरी बघणार नाही.

डेकवरचा

मतलईंशी सहमत. मी व्यापारी जहाजांवर होतो, त्यामुळे ब्रिजवरून दिसतं ते सांगतो.

तुमची फायबरची बोट आम्हाला रडारवर जवळजवळ दिसत नाही. लाट असेल तर अजिबातच नाही. डोलकाठीवर रडार रिफ्लेक्टर चढवा, आणि चार पैसे जास्त गेले तरी आपलं नाव आणि जागा आसपासच्या जहाजांना सांगणारा एआयएस (रेडिओवर चालणारं यंत्र) घ्या, नुसता दुसऱ्यांची नावं ऐकणारा नको. मुंबईच्या तोंडाशी आणि जयगडला मोठी जहाजं येतात. त्यांच्या चॅनेलमध्ये रेंगाळू नका, काटकोनात ओलांडा.

"शिडाच्या बोटीला सगळ्यांनी वाट द्यायची" हा गैरसमज घेऊन निघू नका. जाळं ओढणाऱ्या ट्रॉलरला वाट तुम्ही द्यायची, नियमच तसा आहे. आणि शिड वर असताना इंजिन गिअरमध्ये असेल तर तुम्ही शिडाची बोट उरलाच नाहीत, मोटरबोट झालात.

हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे असतो, म्हणजे तुमच्या विरुद्ध. फार नसतो, पण ५ नॉटच्या ऐवजी साडेचार धरा. वरचे मैल मी साडेचारनेच भागून पाहिले, जमतंय.

व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवा. तटरक्षक दलाचा शोध-बचावाचा नंबर १५५४, भाच्याच्याही फोनमध्ये घाला. निघण्यापूर्वी दोन्ही टोकांच्या बंदर कार्यालयांना आणि सागरी पोलिसांना बोटीचे कागद, माणसं आणि मुक्काम लेखी कळवा. २६/११ ला अतिरेकी 'कुबेर' नावाच्या मच्छीमार बोटीतून आले होते, तेव्हापासून अनोळखी बोट खाडीत शिरली की विचारपूस होते, आणि व्हायलाच हवी. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत हाताशी ठेवा, गादीखाली नको. परदेशातल्या नातेवाइकाने सॅटेलाइट फोन किंवा तसलं मेसेज पाठवणारं यंत्र दिलं असेल तर ते घरी ठेवा. परवान्याशिवाय जवळ सापडलं तर अटक होते, झालेली आहे.

हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज रोज संध्याकाळी बघा. किनाऱ्यापासून पाच-सहा मैलांत बहुतेक ठिकाणी फोन लागतो. नेमका खाडीत, डोंगराच्या कुशीत नांगर टाकला की जातो. तेव्हा आत शिरायच्या आधीच घरी फोन करून टाका.

गिर्येचो झिल

काका, येवा! आमच्या खाडयेत शिडाची होडी इली तर बघूक अर्धो गाव बंदरावर जमतलो. बाकीचं सगळ्यांना कळेल अशा भाषेत लिहितो.

आमचे आजोबा गलबतावर होते, मंगळूरहून कौलं आणायचे. आता गलबत नाही, पण खाडी तीच आहे. विजयदुर्गासारखं बंदर या किनाऱ्यावर दुसरं नाही. दांडा नाही, पाणी खोल, भरती असो ओहोटी असो आत या. आंग्र्यांनी आरमार इथे ठेवलं ते उगाच नाही. त्यांची गोदी आमच्या गिर्ये गावाच्या बाजूला अजून आहे, खडक फोडून केलेली. भरतीला गलबत आत घ्यायचे, ओहोटीला कोरडं पडलं की तळ घासायचे.

फक्त एक पाळा. उत्तरेकडून येताना किल्ला दिसला की हौसेने जवळून फोटो काढायला जाऊ नका. किल्ल्याच्या पश्चिमेला पाण्याखाली खडकाची रांग आहे आणि तिच्यावर दगडी भिंत, समुद्रविज्ञानवाल्यांनी पाणबुडे उतरवून पाहिलेली. शत्रूच्या जहाजांचे तळ फोडायला बांधली असं म्हणतात. काका, तुमची कील १.४ मीटर. किल्ल्याला लांबून वळसा घाला, खाडीचं तोंड पूर्ण उघडं दिसलं की मगच आत वळा.

आत आल्यावर जेट्टीला बांधू नका. मच्छीवाल्यांच्या होड्या येतात-जातात, रात्री घासून तुमचा रंग काढतील आणि सकाळी भांडण तुमचंच. जेट्टीच्या वर, खाडीत आत, किल्ल्याच्या आडोशाला मूरिंग घाला, म्हणजे तळाशी वजन टाकून बोट कायमची बांधायची जागा करा. तळ चिखलाचा आहे, नांगर छान धरतो. दुपारचा वायव्येचा वारा किल्ला अडवतो. आमच्या दोन होड्या तिथेच असतात. जागा मी दाखवतो, पण आधी बंदर खात्याला विचारा आणि मच्छीमार सोसायटीत जाऊन चहा घ्या. चहा आधी, अर्ज नंतर.

पावसाळ्याचं मात्र आतापासून बघा. ज्येष्ठ लागायच्या आधी बोट वर काढायलाच हवी. आम्ही उधाणाच्या भरतीला होडी काठाला आणतो, खाली ओंडके घालतो, वीस माणसं ओढतात, मग माडाच्या झापांनी शाकारून ठेवतो. आमच्या होड्यांचा तळ बसका असतो. तुमच्या बोटीला खाली कील, ती ओंडक्यावर आडवी पडेल. तुम्हाला लोखंडी पाळणा करून घ्यावा लागेल, उधाणाला पाण्यात बुडवून बोट त्यात बसवायची आणि ट्रॅक्टरने ओढायची. वेल्डर कणकवलीत मिळेल. तुम्ही मेकॅनिक, तुम्हाला आम्ही काय सांगणार.

मूरिंगला काँक्रीटचा ठोकळा टाकतात, तो टाकायचा का तेही ठरवा.

वंगणवाला

सगळ्यांचे आभार. तक्ता फाडला. खरं म्हणजे सौ.ने मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी केली, पण हेतू तोच.

मतलई, तुमचा हर्णैचा किस्सा तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हणजे रात्री घरी बसायचं, एवढं सांगायला समुद्रावर जाऊन आला का तो?" पण दिवसादिवसाने जायचं ऐकून तिचा आवाज खाली आला. मग कालनिर्णय घेऊन बसलो. मार्गशीर्ष वद्य सप्तमीवर पेन्सिलने गोल केलाय, आणि तेव्हा वारा बिघडला तर पौषातल्या सप्तमीवर दुसरा गोल. वास्तुशांत नोव्हेंबरमध्येच होईल, दोघेही एसटीने जाऊ.

तिथीच्या पाऊणपटीचा हिशेब मी गेटवेला तीन दिवस जाऊन ताडून पाहिला. पायऱ्यांवर खडूने रेघ मारून. एकदा १५ मिनिटं चुकला, दोनदा बरोबर. पण गिर्येला भरती मुंबईच्या वेळेलाच येते का?

इंजिनची काळजी करू नका, तेवढं एक मला कळतं. बोट नांगरावर उभी असते तेव्हा डिझेलच्या टाकीचा गाळ खाली बसलेला असतो. बाहेर लाटेत टाकी घुसळली की तोच गाळ फिल्टरमध्ये येतो आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडाशी बंद पडतं. बंद पडलेल्या बसगाड्यांत मी हेच बघत आलो, फक्त तिथे लाटांच्या जागी खड्डे होते. टाकी उघडून धुतली, तळातून दोन वाट्या काळा चिखल निघाला. तीन फिल्टर, दोन इम्पेलर (थंड पाणी फिरवणारी पंपातली चाकं) आणि एक बेल्ट जादा घेतलाय. तासाला दीड लिटर जातं, अख्खी वाट इंजिनवर काढली तरी ५०-५२ लिटर पुरतात, मी ८० घेणार. भाच्याला फिल्टर बदलून हवा काढायला शिकवलं. पहिल्यांदा ४० मिनिटं, काल ११. डोळ्यांवर फडकं बांधून करून घेतोय, त्याला वाटतं मी चेष्टा करतो.

गिर्येचो झिल, काँक्रीट नको. काँक्रीट पाण्यात गेलं की त्याचं वजन चाळीसेक टक्के कमी होतं. लोखंडाचं जेमतेम तेरा. तुमच्या बाजूला भंगारात ट्रकचे जुने इंजिन ब्लॉक मिळतात का? दोन-तीन साखळीने एकत्र बांधून चिखलात सोडले तर माझ्या अडीच टनाच्या बोटीला पुरे होतील असं वाटतं.

मतलई

भरती दक्षिणेकडून वर सरकत येते, त्यामुळे विजयदुर्गला ती मुंबईच्या आधी लागते. पाऊण ते एक तास धरा, आणि नक्की वेळ भरतीच्या कोष्टकातून घ्या. पाण्याची चढउतारही जशी खाली जाल तशी कमी होत जाते. गेटवेला मोठ्या उधाणाला चार-साडेचार मीटर खेळ असतो, तुमच्याकडे त्याच्या निम्माच. पाळण्यावर बोट चढवताना हे लक्षात ठेवा, मुंबईच्या सवयीने पाण्याचा हिशेब कराल तर चुकेल.

गिर्येचो झिल

ब्लॉक गावतले. तळेऱ्याक एक भंगारवालो आसा, उद्या जावन बघतंय. पण काका, आतलं तेल पुसून घ्यायला लागेल, नाहीतर खाडीवर तवंग येईल आणि कालवं काढणाऱ्या बायका पहिल्यांदा मलाच धरतील.

वंगणवाला

तेल मी काढतो. वास्तुशांतीला येईन तेव्हा रॉकेल, ब्रश आणि जुने कपडे घेऊनच येतो. तोवर ब्लॉक पावसात ठेवू नका, आणि किती सिलिंडरचे आहेत ते फोटो काढून टाका.